अवनीची आजी वाचणार

अवनीने बालवर्गात परस्पर जाहीर करून टाकलं होतं. घरात शिरली तेव्हा तिचा एक बूट पायात होता आणि एक हातात. तशीच ती शाळेतल्या पोरांच्या लकबीत ओरडली, "आजी, सॅटर्डेला यू आर रीडिंग! एव्हरीबडी कमिंग लाह!"

मेधाताई ओट्यापाशी कणीक मळत होत्या. "काय वाचायचं? आणि कुठे?"

"खाली, व्हॉइड डेकला. नॅशनल डेचं स्टोरीबुक. टीचरने विचारलं, हू कॅन ब्रिंग अ रीडर? जेडन म्हणाला, माय डॅडी. मी म्हटलं, माय आजी. माय आजी हॅज द बेस्ट व्हॉइस."

ब्लॉकच्या तळाशी नुसते खांब आणि गार फरशी असलेली ती मोकळी जागा मेधाताईंना चांगली माहीत होती. रोज सकाळी भाजी आणायला जाताना त्या तिथूनच जायच्या. नॅशनल डेच्या आधीच्या शनिवारी वरच्या मजल्यावरच्या मिसेस रोहाना बालवर्गाच्या टीचरच्या मदतीने आसपासच्या बारक्या पोरांना तिथे जमवायच्या आणि त्यांच्याच घरातलं कोणीतरी येऊन चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं. गेल्या वर्षी मेधाताईंनी हे लिफ्टपाशी उभं राहून पाहिलं होतं. पिशवीतला पालक कोमेजेपर्यंत.

पुण्याहून या बेटाएवढ्या देशात, बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये मुलाकडे, तन्मयकडे, राहायला येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. एवढ्या काळात, वाचता येत असली तरी, त्यांची बोलण्यातली इंग्रजी 'मॉर्निंग' आणि 'थँक यू' यांच्या पलीकडे फारशी गेली नव्हती. कोणी लांबलचक काही विचारलंच तर त्या हसायच्या आणि लिफ्टचं बटण दाबायच्या. आणि आता वीसेक पोरांसमोर, त्यांच्या आईबापांसमोर बसून वाचायचं!

पण आतून असं काहीतरी उसळून आलं, की कणकेचे हात तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "वाचीन की!"

अवनीने हातातला बूट छताकडे उडवला.

घरात खरी ठिणगी पडली ती रविवारी, जेवताना.

उल्का आली होती. मेधाताईंची ही थोरली लेक तांजोंग पगारच्या एका बँकेत होती आणि महिन्यातून एखादा रविवार आईकडे जेवायला यायची. तिची आणि भावजयीची, अश्लेषाची, फारशी भांडणं नव्हती, पण मैत्रीही नव्हती. दोघी एकमेकींच्या स्वयंपाकाचं जरा जास्तच कौतुक करायच्या.

"आई, हे बघा, मी आणलं," अश्लेषाने कोरं पुस्तक टेबलावर ठेवलं. इथल्या झेंड्यावरचे, एकेका मूल्याचं नाव असलेले पाच तारे वाऱ्याने उडून जातात आणि एक छोटी मुलगी मित्रमैत्रिणींना घेऊन ते बेटभर शोधत फिरते, अशी त्यात गोष्ट होती. एक तारा सापडतो हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीतल्या म्हाताऱ्या नूडलवाल्याकडे, एक एमआरटीच्या मेट्रोत, एक शिपायाच्या टोपीत.

मेधाताईंचे यजमान मनोहरराव उठले. आत गेले आणि आपलं पुस्तक घेऊन आले. मागच्या खेपेला पुण्याहून नातीसाठी त्यांनीच आणलं होतं ते. मुखपृष्ठावर आगगाडीच्या टपावर फडकणारा तिरंगा होता. "मेधा, तू हे वाच. त्यांना देशभक्तीचंच पुस्तक हवंय ना? हे घे. मराठी आहे, अडखळणार नाहीस."

"बाबा, त्यांना या देशाचं हवंय," अश्लेषा म्हणाली.

"देशभक्ती एकाच देशाची असते असं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही. पण आम्ही गेल्या वर्षीच इथल्या नागरिकत्वाची शपथ घेतली. खाली सगळ्यांना ठाऊक आहे. मिसेस रोहाना तर केक घेऊन आल्या होत्या. आता त्यांच्या नॅशनल डेला आपण दुसरा झेंडा घेऊन बसायचं?"

मनोहररावांनी पोळीचा तुकडा ताटात परत ठेवला. "ऐकलंस, तन्मय? दुसरा झेंडा."

अश्लेषाचा चेहरा लाल झाला. शब्द निसटला होता आणि आता तो मागे घेता येत नव्हता.

मेधाताई वाटीत आमटी वाढत राहिल्या. हे भांडण पुस्तकाचं नव्हतं, हे त्यांना कळत होतं. मुलगा आणि सून या देशाचे नागरिक झाले, भारताचे पासपोर्ट परत करून आले, त्या दिवसापासून मनोहररावांच्या मनात काहीतरी रुतून बसलं होतं. तोंडाने ते कधी बोलले नाहीत. फक्त दर चार-आठ दिवसांनी म्हणायचे, "आपण आता पुण्याला जाऊ. कायमचं." आणि मेधाताई 'बघू' म्हणायच्या. त्यांना जायचं नव्हतं. पण का जायचं नाही, असं कोणी विचारलं असतं तर 'अवनी' एवढं एकच उत्तर त्यांच्याकडे होतं, आणि मनोहररावांना ते पुरलं नसतं.

तन्मय सहसा बायकोची बाजू घ्यायचा. जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात दिवसभर यंत्रांशी झगडून आल्यावर घरात त्याला शांतता हवी असायची. पण आज तो म्हणाला, "बाबांचं अगदीच चूक नाहीये, अश्लेषा."

"तू बोलतोयस हे? शपथ घेताना रडणारा तू?"

"रडलो म्हणून तर बोलतोय."

उल्का आता वडिलांच्या बाजूने बोलणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वडिलांची ती लाडकी, शिवाय तिने स्वतः अजून इथलं नागरिकत्व घेतलं नव्हतं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, अश्लेषा बरोबर बोलतेय. दुसऱ्याच्या मुलाच्या वाढदिवसाला जाऊन आपण आपल्या मुलाचा फोटो मांडतो का? पंधरा ऑगस्टला पोरांना घरी बोलवा, जिलबी द्या, आणि खुशाल हे वाचा."

अश्लेषाने चमकून नणंदेकडे पाहिलं. पण दुसऱ्याच क्षणी तिच्या कपाळावर आठी आली. "ताई, दुसऱ्याच्या मुलाचा कसा? हा अवनीचाच वाढदिवस आहे."

"अगं, मी तुझ्याच बाजूने बोलतेय!"

"पण तसं नका ना बोलू!"

"बघा," मनोहरराव म्हणाले, "एक म्हणते आपलं ते दुसरं, दुसरी म्हणते इथलं ते दुसऱ्याचं. आणि पंधरा ऑगस्ट काय घरात दार लावून करायचा?"

"बाबा, दार लावून कोण म्हणतंय?" उल्का म्हणाली.

"अरे, जरा हळू..." तन्मय म्हणाला.

अवनी खुर्चीवर उभी राहिली. तिच्या नाकाला वरण लागलं होतं. "सो आजी नॉट अलाउड?"

भांडणारी चारही माणसं ताटात बघू लागली.

"आजीला कोणी विचारलंय का अजून?" मेधाताई म्हणाल्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि दोन्ही पुस्तकं उचलली. "ही राहू देत माझ्याकडे. वाचणार मी आहे. काय वाचायचं ते मी ठरवीन. उल्का, भात घे अजून."

जेवणं झाल्यावर खोलीत मनोहरराव म्हणाले, "मी खाली येणार नाही. आणि महिनाअखेरीची तिकिटं काढतोय."

"शनिवार तर होऊ दे," मेधाताई म्हणाल्या, आणि चष्मा लावून पहिलं पान उघडलं.

तो आठवडा कसा गेला ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. अवनी शाळेतून आली की सोफ्यावर मांडी घालून बसायची आणि पट्टी हातात घेऊन आजीची शिकवणी घ्यायची.

"अगेन, आजी. डे-मॉ-क्र-सी."

"डेमॉक्रसी. लोकशाही. पुढे?"

"पीस. प्रोग्रेस. जस्टिस. ट्री मोअर पेजेस, देन फिनिश."

"ट्री नाही बाळा. ट्री म्हणजे झाड. थ्री."

"सेम सेम लाह, आजी."

पाचव्या ताऱ्यापाशी दोघी अडल्या. इक्वॅलिटी. मेधाताईंची जीभ तिथे दरवेळी गाठ मारायची. "आपल्यात त्याला समता म्हणतात," त्या म्हणाल्या.

"समता म्हणजे काय?"

"सगळ्यांना सारखीच जिलबी."

"इव्हन बिग पीपल?"

"त्यांनाही तेवढीच. आजोबांनासुद्धा."

अवनीला हे फार पटलं. ती दिवसभर 'समता' ओरडत घरभर फिरली, आणि मनोहररावांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपरामागे ते हसले की नाही, हे मेधाताईंना दिसलं नाही.

एकट्या असताना मात्र त्या मोठ्याने वाचायच्या, आणि वाचता वाचता एक गंमत झाली. उमेदीच्या वयात पुण्याच्या टेलिफोन ऑफिसात त्या ट्रंक कॉल जोडायच्या. कानाला हेडफोन, समोर कॉर्डचं जंजाळ, आणि आवाज असा ठेवायचा की नागपूरच्या माणसालाही वाटावं, बाई शेजारीच बसून बोलतेय. किती वर्षांत तो आवाज त्यांनी काढला नव्हता. आता ताऱ्यांची गोष्ट वाचताना तो घशातून आपसूक वर आला, आणि स्वयंपाकघरात एकट्याच उभ्या असलेल्या मेधाताई हसल्या. बाहेरून एलआरटीची गाडी गेली, तिच्या खडखडाटावरही आवाज चढत होता.

शनिवारी सकाळी त्यांनी निळी इरकल नेसली. पिशवीत दोन्ही पुस्तकं टाकली. दुसरं का टाकलं, हे त्यांना नीटसं सांगता आलं नसतं. मनोहरराव पेपर वाचत होते. "येते," त्या म्हणाल्या. पेपराचं पान उलटलं.

खाली खांबांना लाल-पांढऱ्या पताका लावल्या होत्या, मधल्या खांबावर मोठा झेंडा. चटयांवर पोरं नुसती उकळत होती. कोणी लोळतंय, कोणी गालावर चिकटवलेला तारा काढून शेजाऱ्याच्या गालावर चिकटवतंय. जेडनच्या बाबांनी आधी वाचलं. ते फार हळू आवाजात वाचत होते आणि पोरं एकेक करून पताका ओढायला निघून गेली होती. मागच्या बाजूला तन्मय आणि अश्लेषा उभे होते, मध्ये बरंच अंतर ठेवून. उल्काही आली होती, येणार नाही म्हणाली असूनही.

"नेक्स्ट, अवनीज ग्रँडमदर!" मिसेस रोहाना म्हणाल्या.

"आजी!" अवनीने दुरुस्ती केली. "शी इज कॉल्ड आजी!"

मेधाताई छोट्याशा लाल स्टुलावर बसल्या. पुस्तक उघडलं. समोर डोळेच डोळे. पहिला शब्द काही केल्या फुटेना. मग त्यांनी डोळे मिटले, आणि नागपूरचा नंबर जोडायचा आहे असं समजून बोलायला सुरुवात केली.

खांबाखांबांतून आवाज घुमला. पताका ओढणारी पोरं वळली. वारा आला, आणि वारा मेधाताईंनी तोंडाने असा काढला की पुढच्या ओळीतल्या एका मुलीने आपली रिबन घट्ट धरली. पहिला तारा उडाला, दुसरा उडाला. पोरं एकेका ताऱ्याला बोट दाखवून किंचाळू लागली. नूडलवाल्याच्या पानाशी सगळे आपल्या लाडक्या नूडल्सचं नाव ओरडले, "मी पोक! मी पोक!" शिपायाच्या पानाशी जेडन उभा राहून आपल्या मोठ्या भावाबद्दल म्हणाला, "माय कॉर कॉर इन आर्मी!"

आणि मग पाचवा तारा आला. "इ... इक्वा..." मेधाताई अडकल्या. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा गाठ. मागे अश्लेषाने दोन्ही हात तोंडाशी नेले.

"इक्वॅलिटी, आंटी!" दात पडलेला दानिश ओरडला, आणि त्याच्या मागून सगळी चटई ओरडली, "इक्वॅलिटी!"

"आणि माझ्या भाषेत," मेधाताई घाम पुसत इंग्रजीतून म्हणाल्या, "समता."

"समता!" सगळ्यात मोठा आवाज अवनीचा होता.

टाळ्या झाल्या. मेधाताई उठू लागल्या, तेवढ्यात दानिशने त्यांची पिशवी वाकवून आत पाहिलं. "आंटी, अनदर बुक! गॉट ट्रेन!"

"ट्रेन! ट्रेन!"

मेधाताईंनी वर पाहिलं. मागे उभ्या असलेल्या सुनेकडे. क्षणभर दोघींखेरीज तिथे कोणीच नव्हतं. ही माझी खेळी नाही गं, असं त्यांना सांगायचं होतं. पण पुस्तक तर त्यांनीच आणलं होतं.

अश्लेषा पोरांमधून वाट काढत पुढे आली. स्टुलाशेजारी फरशीवर बसली आणि म्हणाली, "आई, तुम्ही मराठीत वाचा. मी इंग्रजीत सांगते त्यांना."

गोष्ट साधी होती. काश्मीरहून एक आगगाडी निघते. प्रत्येक स्टेशनावर एक मूल चढतं. प्रत्येकाचा पेहराव वेगळा, डब्यातला खाऊ वेगळा, नमस्कार करायची रीत वेगळी. सगळे मिळून पार कन्याकुमारीला जातात आणि समुद्राकाठी झेंडा लावतात. मेधाताईंनी शिट्टी वाजवली, इंजिन केलं, फेरीवाले केले. अश्लेषा एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होती, पण तिसऱ्या स्टेशनानंतर तिचं कोणी ऐकत नव्हतं. पोरांना मराठीच कळायला लागलं होतं, किंवा कळायची गरजच उरली नव्हती.

"आय वॉन्ट टू गो अप द ट्रेन," एक चिमुरडी उठून म्हणाली. तिचं नाव हुई मिन.

"ये. कुठल्या स्टेशनावरून?"

हुई मिनने आईकडे पाहिलं. आईने हसून तिच्या आजीची आठवण करून दिली, "टेल आंटी, आह मा कम फ्रॉम व्हेअर?"

"इपो!"

"इपो स्टेशन!" मेधाताईंनी हाळी दिली. हुई मिन त्यांच्यामागे येऊन उभी राहिली, पदर धरून. मग झुंबड उडाली. दानिशची आजी जावा बेटावरची. यालिनीचे आजोबा तंजावरचे. जेडनला आपलं स्टेशन ठाऊक नव्हतं, म्हणून तो म्हणाला, "प्लेग्राउंड!" आणि त्यालाही घेतलं. मिसेस रोहानासुद्धा शेवटच्या डब्याला लागल्या. "माय मदर, मलाक्का!" त्या ओरडल्या. गाडी सुटली. इरकल नेसलेलं इंजिन पुढे, मागे एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवलेली सगळी पलटण, खांबांना वळसे घालत.

तिसऱ्या खांबापाशी इंजिन एकदम थांबलं आणि डबे एकमेकांवर आदळले. खांबाच्या आड मनोहरराव उभे होते. हातात घडी केलेला पेपर.

"आजोबा!" अवनी डब्यातून निसटली. "व्हिच स्टेशन?"

मनोहररावांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या कपाळावरून घाम निथळत होता, केस सुटले होते, आणि इतका आनंद त्यांनी या चेहऱ्यावर कधी पाहिला होता ते त्यांना आठवत नसावं. कारण ते बघतच राहिले.

"आजोबा, क्विक लाह! ट्रेन लेट!"

मनोहररावांनी घसा साफ केला. मग पेपराची गुंडाळी करून तोंडाशी धरली. "पुणे स्टेशन!" ते गरजले. "पुण्याची गाडी! सगळे प्रवासी बसले का? कोणी राहिलं का?"

"नो!"

"मग गार्ड बसतो!" आणि ते मिसेस रोहानांच्याही मागे, सगळ्यात शेवटी उभे राहिले.

गाडी मधल्या खांबापाशी, मोठ्या झेंड्याखाली येऊन थांबली. कोणी सांगायच्या आधीच पोरांनी उजव्या मुठी छातीवर नेल्या आणि रोज शाळेत म्हणतात ती प्रतिज्ञा म्हणायला सुरुवात केली. अश्लेषा म्हणत होती, तन्मय म्हणत होता, आणि आता ते दोघे शेजारी उभे होते. उल्काला शब्द येत होते, हे मेधाताईंना आजच समजलं. मनोहररावांनी मूठ छातीवर नेली नाही. पण पेपर खाली ठेवून ते सावधान उभे राहिले, टाचा जुळवून, शेवटचा शब्द संपेपर्यंत.

मग सरबत झालं, केक झाला. मिसेस रोहाना कागदी पेला घेऊन मेधाताईंकडे आल्या. पोरं अजून त्यांच्या पदराला लोंबकळत होती. "आजी," त्या म्हणाल्या. आंटी नाही, आजी. "नॉट ओन्ली नॅशनल डे. एव्हरी सॅटर्डे, कॅन?"

मनोहरराव शेजारीच होते. चाळीस वर्षांत मेधाताईंनी अशा कुठल्याही प्रश्नाला 'यांना विचारून सांगते' याखेरीज दुसरं उत्तर दिलेलं नव्हतं. तन्मयने श्वास रोखला. उल्काने अश्लेषाचं मनगट पकडलं.

"कॅन," मेधाताई म्हणाल्या.

अवनीने अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यांवरून लोक डोकावले.

लिफ्टमध्ये दोघंच होते. बाकीची मंडळी चटया गुंडाळायला थांबली होती. मनोहरराव आकड्यांकडे बघत होते. मेधाताई केस सारखे करत होत्या. आता बोलतील, मग बोलतील, असं म्हणता म्हणता लिफ्ट त्यांच्या मजल्यापाशी आली. दार उघडलं, तरी मनोहरराव बाहेर पडले नाहीत.

"महिनाअखेरीस जातोय मी," ते म्हणाले. "येताना अजून कुठली पुस्तकं आणायची, ते सांगून ठेव."

मेधाताईंनी दार मिटू नये म्हणून बटणावर बोट दाबून धरलं.

"जनावरांची आणा. मोठ्या चित्रांची," त्या म्हणाल्या. "आणि फार दिवस राहू नका तिकडे."